उदरव्यथेचा इतिहास : कारंजा ते परळ

काही वर्षांपूर्वी वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मध्ययुगीन वाङ्मयाच्या तासाला 'गुरुचरित्रा'चा तेरावा अध्याय घेतला होता. निवडीचे कारण उघड होते. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान कारंजा. संन्यास घेतल्यानंतर ते तेथे परत येतात आणि माता-पित्यांना भेटतात, तो प्रसंग याच अध्यायात आहे. समोर बसलेली बरीच मुले कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या तालुक्यांतली. आपल्या गावाचे नाव पोथीत आले की वर्ग जरा ताठ बसतो, हा अनुभव अध्यापकांना नवा नाही. कारंज्याच्या भेटीवर मी पुष्कळ वेळ घालवला आणि अध्यायाचा उत्तरार्ध तास संपता संपता उरकला. उत्तरार्धातील कथा एका पोटदुखीने गांजलेल्या ब्राह्मणाची आहे.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिने विचारले, "सर, त्या माणसाला नेमके काय झाले होते?" प्रश्न परीक्षेचा नव्हता. तिचा मोठा भाऊ दोन वर्षे जेवायला घाबरत होता. जेवले की उजव्या बाजूला कळ, ताप, उतरत चाललेले वजन. एका डॉक्टरांनी आतड्यांचा क्षय सांगितला. नऊ महिने गोळ्या झाल्या. पुढे नागपुरात दुर्बिणीने आतडे पुन्हा तपासले, तुकडे काढून पाहिले, तेव्हा आजाराचे नाव क्रोन निघाले. "पोथीतला माणूस जसा अन्नाला भितो, तसाच आमचा दादा भीत होता," ती म्हणाली. मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे उशिरा केलेले टिपण आहे.

कथा थोडक्यात अशी. कारंज्याहून निघालेले श्रीगुरू त्र्यंबक-नाशिक करत गोदावरीच्या काठाने वासर ब्रह्मेश्वराला येतात. हे स्थान म्हणजे आजच्या तेलंगणातील बासर, असे बहुतेक मानतात. तेथे एक ब्राह्मण पोटाला धोंडे बांधून नदीत जीव द्यायला निघालेला दिसतो. त्याला उदरव्यथा आहे. जेवले की प्राणांतिक शूळ उठतो, म्हणून तो पंधरा दिवसांतून, महिन्यातून एकदा खातो. अन्नावर सर्व जग जगते आणि तेच अन्न याच्या जिवावर उठले आहे. आपल्या दुःखाचा संबंध तो स्वतःच पूर्वजन्मीच्या कर्माशी जोडतो. श्रीगुरू त्याला थांबवतात आणि त्याच वेळी तेथे आलेल्या सायंदेव नावाच्या गृहस्थाला सांगतात, की याला घरी नेऊन पोटभर जेवू घाल. तेही पेज किंवा कण्हेरी नव्हे, मिष्टान्न. सायंदेव बिचकतो. जेवून हा मेला तर ब्रह्महत्या आपल्या माथी. अखेर तो वाढतो, रोगी जेवतो आणि व्यथा जाते.

भक्ताला येथे गुरूचे सामर्थ्य दिसते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसायला हवी. 'गुरुचरित्र' लिहिणारे सरस्वती गंगाधर हे याच सायंदेवाच्या वंशातील. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि सरस्वती अशी पाच पिढ्यांची परंपरा ग्रंथातच दिली आहे. म्हणजे ही कथा लेखकाच्या घरात चालत आलेली आहे. ताटावर बसलेला रोगी आणि वाढणाऱ्याच्या मनातली धाकधूक या दोन्ही गोष्टी पणजोबांनी सांगितल्या असाव्यात, अशा ठसठशीतपणे येतात. चमत्काराच्या कथेत वाढणाऱ्या माणसाची भीती एवढी जपून का ठेवली जावी, याचे उत्तर मला या वंशावळीत सापडते. ज्याच्या घरी असा रोगी आहे त्याला ही भीती ओळखीची असते. त्याला वाढू की नको, वाढले तर काय वाढू, हा प्रश्न त्या घरात रोज दोनदा उभा राहतो.

आता 'नेमके काय झाले होते' या प्रश्नाकडे. प्रामाणिक उत्तर एवढेच, की सांगता येत नाही. जठरातील व्रण, पित्ताशयातील खडे, स्वादुपिंडाचा दाह, क्षय, जंत, क्रोन. अन्नानंतर शूळ उठण्याची कारणे डझनभर आहेत आणि पोथी हे काही केसपेपर नव्हे. जुन्या ग्रंथातील पात्रांना आजची निदाने चिकटवण्याचा छंद अलीकडे फार वाढला आहे. त्यात ना वैद्यक शिकायला मिळते, ना वाङ्मय. एखाद्या काळाकडे पोटाच्या दुखण्यासाठी कोणते शब्द होते आणि त्या शब्दांनी काय दाखवले, काय झाकले, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

शब्द बरेच होते. शूळ, म्हणजे टोचणे. वेदनेचे नाव, कारणाचे नाही. अतिसार, म्हणजे फार वाहणे. गुल्म, म्हणजे पोटात हाताला लागणारी गाठ. वाशीमच्या वाचकाला हा शब्द अडखळवील, कारण वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. तेथे गुल्माचा अर्थ समूह किंवा झुडपांची दाटी असा घ्यायचा. वैद्यकातील गुल्मही दाटून आलेल्या गोळ्यालाच म्हणतात. शब्द एकच, एक गावाच्या नावात गेला आणि एक पोटात. असो. या सर्वांत अर्थाने श्रीमंत शब्द ग्रहणी. 'चरकसंहिते'च्या चिकित्सास्थानात ग्रहणी हे आधी एका अवयवाचे नाव आहे: अन्न धरून ठेवणारी, पिकल्यावर पुढे सोडणारी, अग्नीचे अधिष्ठान असलेली जागा. ती बिघडली की तिच्याच नावाचा रोग होतो. मराठीत तो संग्रहणी झाला, आणि जुन्या चरित्रांत, पत्रांत कितीतरी माणसे संग्रहणीने गेल्याचे आपण वाचतो. धरणे आणि सोडणे यांचा तोल सुटणे, ही त्या शब्दामागची कल्पना. आतड्यात बाहेरून कोणी शत्रू शिरला, असे तो शब्द म्हणत नाही.

शत्रू आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला आणणाऱ्या पुराव्याला तोड नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू दाखवला. त्याच सुमारास सिसिलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की फिरत्या पेशी काट्याभोवती जमून त्याला वेढत आहेत. शरीरात बाहेरच्यांना गिळणारे शिपाई आहेत, हा सिद्धांत तेथून निघाला. १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. मेचनिकॉफ यांचे ओडेसातील एक विद्यार्थी पुढे त्यांच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन. त्यांनी १८९२ मध्ये पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि १८९६ च्या प्लेगने त्यांना मुंबईत आणले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःलाच टोचली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

महाराष्ट्राला शरीराच्या संरक्षणाची ही आधुनिक कल्पना भेटली ती अशी, प्लेगच्या वर्षी, घराघरांत माणसे मरत असताना. तिची भाषा युद्धाचीच असणार होती. मूळ लॅटिन शब्द खरे तर युद्धाचा नाही. 'इम्युनिस' म्हणजे ज्याला करातून, सार्वजनिक कर्तव्यातून सूट आहे असा माणूस. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सारामाफीचा इनामदार. मराठीने त्याचे भाषांतर केले नाही, तिने 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द घडवला. प्रतिकार, म्हणजे उलट कृती, सामना. हा शब्द इतका रुळला, की करोनाच्या साथीत तो पोरासोरांच्या तोंडी होता आणि ती शक्ती 'वाढवण्याचे' काढे घरोघर उकळत होते. ती कमी असली तर वाईट, जास्त असली तर चांगली, असे त्या शब्दातच गृहीत आहे. क्रोनच्या रोग्याची शोकांतिका त्या गृहीतात बसत नाही.

संस्कृतात दुसरा एक शब्द होता. 'चरकसंहिते'च्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात 'व्याधिक्षमत्व' येते. तेच अन्न, तेच अपथ्य, तरी सगळी शरीरे सारखी आजारी का पडत नाहीत, या प्रश्नाच्या संदर्भात. क्षम् या धातूचा अर्थ सोसणे, सहन करणे. क्षमा तेथूनच येते आणि सक्षमही. मला हा शब्द प्रतिकारापेक्षा खोल वाटतो. पण येथे स्वतःलाच आवरले पाहिजे: अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त या शब्दाची फोड रोगाच्या बळाला विरोध करणे आणि रोग उत्पन्न होऊ न देणे अशी करतात. म्हणजे त्यांनाही प्रतिकारच अभिप्रेत होता. चरकांना जिवाणू ठाऊक नव्हते, आणि 'आमच्याकडे हे सगळे आधीच होते' या धर्तीचे विधान मला करायचे नाही. शब्दाच्या पोटात एक अर्थ पडून होता आणि त्याचा उपयोग करावा अशी वेळ फार उशिरा आली, एवढेच.

मेचनिकॉफ यांच्याकडेच पाहिले तर ही अडचण दिसते. गिळणाऱ्या पेशींचा हा द्रष्टा उतारवयात आतड्यातील जिवाणूंकडे वळला, तेव्हा त्याला तेथेही शत्रूच दिसले. मोठे आतडे हा जवळजवळ निरुपयोगी अवयव, त्यात कुजणाऱ्या अन्नाचे विष अंगात भिनते आणि माणूस म्हातारा होतो, असे त्याचे मत. उपाय म्हणून त्याने बल्गेरियातील शेतकऱ्यांचे आंबवलेले दूध सुचवले. भले जिवाणू पाठवून बुऱ्यांना हटवायचे. आपल्याकडच्या आजीबाईंना ताकाचे हे कौतुक ऐकून नवल वाटले नसते. इंग्लंडात आर्बथनॉट लेन यांच्यासारखे शल्यविशारद त्याच विचाराच्या भरात रोग्यांचे मोठे आतडेच काढून टाकू लागले. आत राहणारे कोट्यवधी जीव तेथे का राहतात आणि शरीर त्यांना का राहू देते, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारला नव्हता.

आतड्यांच्या दाहाचे आजार या काळात हळूहळू वेगळे ओळखू येऊ लागले. लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये एका मृत स्त्रीच्या आतड्यांचे वर्णन केले, ते सर्वसाधारण हगवणीपेक्षा वेगळे होते. ग्लासगोच्या केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ मध्ये आतड्याची भिंत जाड होणाऱ्या काही रोग्यांची हकिकत छापली आणि गुरांना होणाऱ्या योने रोगाशी तिचे साम्य दाखवले. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या दाहावर निबंध लिहिला. नावे वर्णानुक्रमे लावली गेली म्हणून क्रोन पहिले. ज्यांनी शस्त्रक्रिया केल्या ते बर्ग यांनी लेखक म्हणून नाव घालण्यास नकार दिला. दिला नसता तर आज हा आजार बर्ग यांच्या नावाने ओळखला गेला असता. या निबंधाचा खरा आधार एका नकारात होता. रोग क्षयासारखा दिसतो, पण क्षय नव्हे. जंतू शोधले आणि सापडले नाहीत.

न्यूयॉर्कात हा नकार देणे तुलनेने सोपे होते. आपल्याकडे ते आजही अवघड आहे. क्षयाला आणि क्रोनला आतड्याची तीच जागा आवडते: लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते तो उजव्या कुशीचा कोपरा. ताप तसाच, वजन उतरणे तसेच, गुल्मही तसाच हाताला लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पेशींच्या गाठी दिसतात. क्षयाच्या गाठीचा मधला भाग कुजून दह्याच्या चोथ्यासारखा होतो, पण प्रत्येक तुकड्यात तो सापडेलच असे नाही. जिवाणूही पुष्कळदा हाती लागत नाही. म्हणून भारतातील डॉक्टर अनेकदा आधी क्षयाची औषधे सुरू करतात, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहतात आणि व्रण भरले नसतील तर क्रोनकडे वळतात. विद्यार्थिनीच्या भावाच्या बाबतीत ही दुसरी तपासणी फार उशिरा झाली. तेवढ्या काळात त्याच्या आतड्याचा एक भाग आवळून अरुंद झाला होता.

मराठी वाचकाच्या मनात येथे थेऊर यावे. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तेथे गेले. रोगाचे नाव राजयक्ष्मा, आणि तो आतड्यांचा क्षय होता असे पुष्कळांनी लिहिले आहे. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या १९६२ च्या कादंबरीने त्या मृत्यूला मराठी मनात कायमची जागा दिली. तो क्षय असेलही. त्या काळी आणि त्या वयात ते संभवनीयच होते. पण कॉख यांचा जिवाणू दिसायला अजून एकशे दहा वर्षे होती, आणि ज्या दोन रोगांत आज सगळी यंत्रे हाताशी असून गफलत होते, त्यांत अठराव्या शतकातील वैद्याने निवड केली असे म्हणण्यात अर्थ नाही. राजयक्ष्मा या शब्दाने माणूस झिजत गेला एवढे सांगितले. कशाने, ते आपण मागाहून भरले.

या इतिहासाचे खरे वळण १९९० नंतर आले. त्या दशकातील काही प्रयोग सावकाश सांगण्यासारखे आहेत, कारण वाङ्मयाच्या माणसालाही त्यांतील नाट्य कळेल.

बेल्जियमच्या ल्यूव्हन येथील रुटगेर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये क्रोनच्या अशा रोग्यांकडे पाहिले, ज्यांचे रोगट आतडे कापून उरलेली टोके जोडली होती, पण आतड्यातला प्रवाह काही महिने त्या जोडापर्यंत पोहोचू न देता वरच बाहेर वळवला होता. प्रवाह वळवलेला असेपर्यंत जोडाच्या जागी रोग परतला नाही. मार्ग पूर्ववत केला, आणि सहा महिन्यांत तो परतला. म्हणजे जे आतड्यातून वाहत होते त्यातच चिथावणी होती. १९९३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी उंदरातील एक जनुक काढून टाकले. हे जनुक इंटरल्यूकिन-१० नावाचा रेणू बनवते, आणि त्या रेणूचे काम लढाऊ पेशींना शांत करणे हे आहे. उंदरांना कसलाही संसर्ग न करता आतड्याचा दाह झाला. पुढे तसेच उंदीर पूर्णपणे निर्जंतुक पिंजऱ्यांत वाढवले गेले, आतड्यात एकही जिवाणू नाही असे, तेव्हा दाह झाला नाही. शांत करणारा नसला तरी भांडायला कोणी नव्हते.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो डुखमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९५ चा प्रयोग. त्यांनी माणसांच्या आतड्याच्या अस्तरातील संरक्षक पेशी घेतल्या आणि त्यांच्यासमोर आतड्यातील जिवाणूंचे कण ठेवले. एकदा त्याच माणसाचे, एकदा दुसऱ्या माणसाचे. निरोगी माणसाच्या पेशी परक्याच्या जिवाणूंवर उसळल्या आणि स्वतःच्या जिवाणूंसमोर गप्प राहिल्या. दाह पेटलेल्या रोग्याच्या पेशी मात्र स्वतःच्याच जिवाणूंवर उसळल्या. या गप्प राहण्याला निष्क्रियता समजू नये. निरोगी शरीर आपल्या आतील वस्तीला ओळखते, एकेकाला ओळखते, आणि ओळखून सोसते. क्षमत्वाचा पडून राहिलेला अर्थ तो हाच. रोग्याच्या आतड्यात बाहेरचा शत्रू शिरलेला नाही. घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्यांची ओळख मोडली आहे.

हे सोसणे फार खर्चिक असते. माणसाच्या अंगातील जिवाणूंची संख्या अडतीस लाख कोटींच्या आसपास असावी, असा २०१६ चा एक अंदाज आहे. अंगातील स्वतःच्या पेशींपेक्षा थोडी जास्तच. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. त्यांच्या आणि आपल्यामध्ये श्लेष्म्याचा थर असतो; मोठ्या आतड्यात त्याचा आतला पदर जवळजवळ जिवाणूमुक्त राखला जातो. आतडे रोज काही ग्रॅम प्रतिपिंडे त्या थरात सोडते, आणि ही प्रतिपिंडे मुख्यतः मारण्याऐवजी अंतर राखण्याचे काम करतात. शिवाय नियामक टी-पेशी असतात. जपानच्या साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली आणि २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. २०११ मध्ये असेही दिसले, की आतड्यातील काही क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू स्वतःच या शांत करणाऱ्या पेशींची संख्या वाढवतात. वस्तीला येणारे आपल्या राहण्याची तजवीज करतात, आणि घर त्यांना साथ देते. या व्यवहाराला प्रतिकार म्हणणे म्हणजे संसाराला सीमेवरची गस्त म्हणण्यासारखे आहे.

पण मी हे चित्र फार गोड रंगवतो आहे की काय, अशी शंका येते, आणि २००१ चा शोध ती शंका वाढवतो. त्या वर्षी क्रोनशी जोडलेले पहिले जनुक सापडले, नॉड-२. ते जिवाणूच्या भिंतीचा एक बारीक तुकडा ओळखणाऱ्या प्रथिनाचे जनुक आहे. अपेक्षा अशी, की रोग्यात हे प्रथिन अतिउत्साही असेल. निघाले उलटे: रोगाशी जोडलेल्या रूपांत ते तुकडा नीट ओळखतच नाही. ओळखण्यात कमी पडल्यामुळे वैर वाढले, असे काहीसे. यंत्रणा नेमकी कशी बिघडते याबद्दल अजून वाद आहेत. आणि युरोपातील रोग्यांत आढळलेली या जनुकाची ती तीन प्रसिद्ध रूपे भारतीय रोग्यांत फार क्वचित सापडतात. म्हणजे वासर ब्रह्मेश्वराच्या काठचा माणूस क्रोनचा रोगी होता असे क्षणभर धरले, तरी त्याचे दार वेगळे होते.

दुसरी अडचण अधिक जवळची आहे. क्रोनवर १९९८ पासून वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध टीएनएफ नावाच्या, दाह पेटवणाऱ्या रेणूला बांधून टाकते. पुष्कळ रोग्यांना त्याने नवे आयुष्य दिले. पण क्षयाचा जिवाणू ज्यांच्या अंगात वर्षानुवर्षे गाठीत कोंडलेला असतो, त्यांच्यात ती गाठ बांधून ठेवणाराही हाच रेणू असतो. त्याला बांधले की कोंडलेला क्षय सुटतो. २००१ मध्ये हे स्पष्टपणे नोंदवले गेले. म्हणून आपल्याकडे हे औषध देण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाच्या चाचण्या, सगळे तपासावे लागते. ज्या देशात क्षय घराघरांत लपला आहे, तेथे शरीराला नुसते 'सोस' असे सांगता येत नाही. प्रतिकार या शब्दावर मी वर जी टीका केली, तिची मर्यादा ही. प्लेगच्या मुंबईत तो शब्द खोटा नव्हता आणि क्षयाच्या विदर्भात तो आजही खोटा नाही. त्याने आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली.

हे आजार पाश्चात्त्यांचे, श्रीमंतांचे, आपल्याकडे नाहीत, असे दीर्घकाळ मानले गेले. पंजाबात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आतड्यात व्रण पडणाऱ्या दाहाचे, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, प्रमाण लाखामागे ४४.३ निघाले. आवेच्या आणि क्षयाच्या दाट सावलीत हे रोगी दिसत नव्हते, एवढाच त्या 'नाहीत'चा अर्थ असावा. शिवाय शहरी राहणीबरोबर ते वाढतही आहेत. आपल्या आतड्यातील वस्तीही वेगळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की भारतीयांच्या आतड्यांत प्रीवोटेला आणि मेगास्फेरा या कुळांतील जिवाणूंचे प्रमाण विशेष आढळते. भाजी-भाकरीचा, डाळी-कडधान्यांचा तंतुमय आहार आणि प्रीवोटेला यांची सोबत जगात इतरत्रही दिसते. ही वस्ती बदलली तर तिच्याशी झालेला जुना समझोता कितपत टिकतो, हा प्रश्न आता परळच्या आणि पुण्याच्या दवाखान्यांत रोज समोर बसलेला असतो.

आणि शेवटी पुन्हा अन्न. क्रोन झालेल्या मुलांवर आज जगभर प्रथम केला जाणारा एक उपाय औषधाचा नाहीच. सहा ते आठ आठवडे नेहमीचे जेवण पूर्ण बंद आणि फक्त ठरावीक घटकांचे द्रव अन्न. पुष्कळ मुलांमध्ये तेवढ्यानेच दाह शमतो. ते का शमते याची अर्धीमुर्धी उत्तरे आहेत: वस्ती बदलते, अस्तराला उसंत मिळते. ज्या अन्नाने दुखते तेच बदलून दिले की बरे वाटते, हे पाहून मला सायंदेवाच्या ताटाची आठवण झाली. साम्य येथेच थांबते. पोथीतील मिष्टान्न हे कोणत्याही क्रोनच्या रोग्याने अनुकरण करावे असे पथ्य नव्हे, हे विद्यार्थिनीलाही मी सांगितले होते. तिला ते सांगण्याची गरज नव्हती. भावाचे ताट वेगळे कसे करायचे, हे तिच्या घराने दोन वर्षांत शिकून घेतले होते.

त्या वर्षानंतर तेरावा अध्याय मी वेगळ्या क्रमाने शिकवतो. कारंज्याची भेट लवकर आटोपून उदरव्यथेवर तास घालवतो. एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून देतो. सायंदेवाचे गोत्र, गाव, नोकरी आणि पुढच्या पिढ्या हे सर्व ग्रंथात आले आहे. चौदाव्या अध्यायात कथा त्याच्याबरोबर पुढे जाते. जेवून बऱ्या झालेल्या त्या माणसाचे नाव पोथीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो काय जेवला, तेही नाही.